हशा ओसरेपर्यंत

रॉस्को थेयर आणि मी, हॅटी व्हॉस, ओहायो-इंडियानातल्या नाटकगृहांतून जोडीनं विनोदी प्रवेश सादर करायचो. मी ठसकेबाज गिऱ्हाईक, तो वेंधळा वेटर. सूप हमखास माझ्या टोपीत पडायचं. हशा उसळला की रॉस्को थांबायचा, आणि तो ओसरत आला, पण पुरता विरला नाही, अशा नेमक्या क्षणी पुढचं वाक्य टाकायचा. ते कसब त्याचंच.

मग बोलपट आले आणि हॉलिवूडनं त्याला बोलावलं. टोलिडो स्टेशनासमोरच्या खाणावळीत तो कॉफी नुसती ढवळत बसला होता.

"एकट्यालाच बोलावलंय," तो म्हणाला.

"मग जा की! सूप सांडायला तिथंही टोप्या असतील."

"तू अडवत का नाहीस मला?"

"अडवलं तर राहशील?"

"नाही."

"मग?"

तो गेला. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

"इथं कुणी हसतच नाही, हॅटी! आवाज टिपला जातो ना, म्हणून सगळे तोंड मिटून उभे. कुठं किती थांबायचं तेच कळेना. दिग्दर्शक ओरडतो, झोप लागली का रे तुला?"

"मी काय करू त्याला?"

"ये. नुसती समोर उभी राहा."

मी गेले. कॅमेऱ्याशेजारी उभी राहून तोंडावर रुमाल दाबून हसायचे. आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. रॉस्को त्या खांद्यांकडे बघायचा, ते शांत होत आले की पुढचं बोलायचा. चित्रपट तुफान चालणार, हे चित्रीकरण संपण्याआधीच सगळ्यांना कळलं होतं.

निघायच्या दिवशी तो मला सोडायला आला. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो.

"राहा ना इथंच," तो म्हणाला.

"काय म्हणून?"

मला एक शब्द हवा होता. त्यानं वेटरचा तो बावळट चेहरा केला. "पगारी खांदे म्हणून!"

मी हसले. हसू आवरेना. रॉस्को थांबला. माझं हसू ओसरलं, विरून गेलं, तरी पुढचं वाक्य आलं नाही. गाडी लागली, मी चढले.

पुढं मी टोलिडोतल्या एमिल बेकरीवाल्याशी लग्न केलं, रॉस्कोला पत्रानं कळवलं. भला माणूस. विनोद त्याला दुसऱ्या दिवशी कळतो. रॉस्कोचे बरेच चित्रपट आले, मग कमी झाले, मग तो पुन्हा नाटकात परतला. शिकागोत त्याचं नाटक लागलं तेव्हा मी दुपारच्या खेळाला गेले. केस पिकलेले, पण पट्ठ्या तस्साच. सगळं नाटकगृह हसत होतं आणि तो निवांत थांबत होता. त्याला कुणाच्या खांद्यांची गरज नव्हती.

खेळ संपल्यावर मागच्या दाराशी गाठ पडली.

"हॅटी! अगं, कळवायचंस तरी!"

"बरोब्बर थांबतोस अजून."

तो हसला नाही. "त्या दिवशी फलाटावर मला वाटलं, तू काहीतरी बोलशील."

"वाक्य तुझं होतं, रॉस्को."

त्यानं मान हलवली. आतून कुणी हाका मारत होतं. त्यानं माझी टोपी नीट केली, हात क्षणभर तिथंच ठेवला.

"एमिल बरा आहे?"

"बराय. वाट बघत असेल."

परतीच्या गाडीत साउथ बेंडपर्यंत मी कोट तसाच उघडा ठेवून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "अहो, गारठाल," तेव्हा कुठं बटणं लावली.