शपथेचा दुसरा दिवस

पपांच्या पहिल्या स्मरणदिनाची प्रार्थना झाली आणि दुसऱ्याच सकाळी फिलेमोनकाका शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये जाऊन शपथ घेऊन आले. वर्षभर दारूला शिवणार नाही, ग्वादालुपेच्या मारियामातेसमोर. आमच्या फादरांकडे ते मुद्दामच गेले नाहीत. पपा गेल्यापासून आमचे फादर शपथेचं कार्ड देण्याआधी माणसाला दवाखान्यात पाठवतात.

"तिकडचे फादर काही विचारत नाहीत," काका म्हणाले. स्वस्त टायरचं दुकान सापडल्यासारखे खूश होते.

पपांनीही अशीच शपथ घेतली होती. वीस वर्षं रोज पिणाऱ्या माणसाने एका दिवसात सगळं सोडलं. आईने त्या दिवशी सणासुदीचा मोले रस्सा रांधला. तिसऱ्या दिवशी पपांना झटके आले आणि हॉस्पिटलपर्यंत ते पोहोचले नाहीत. इतकं पिणाऱ्याने एकाएकी थांबणं जिवावर बेततं, हे आम्हाला नंतर कळलं. काका ते मानत नव्हते. भावाची वेळ आली होती, त्याची शपथ अर्धी राहिली, ती आपण पुरी करायची, एवढंच त्यांना कळत होतं.

मला आणखी एक गोष्ट कळत होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. पपांच्या शपथेच्या महिनाभर आधी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. पपांना फक्त स्पॅनिश यायचं, म्हणून दुभाषी मीच. दिवसाला किती पिता, असं डॉक्टरांनी विचारलं. पपा टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "बियरचे बारा कॅन. शनिवारी मोजत नाही." मी इंग्रजीत सांगितलं, दोन-तीन. मी शाळेत इंग्रजी शिकवते. चूक भाषेची नव्हती. ज्या माणसाने स्ट्रॉबेरीच्या सऱ्यांत कंबर मोडून मला कॉलेजात पाठवलं, त्याचा तो आकडा मला एका तरुण डॉक्टरच्या कागदावर जाऊ द्यायचा नव्हता. डॉक्टर म्हणाले, जरा कमी करा.

काकांच्या शपथेच्या दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले. बाहेर गार धुकं होतं आणि काकांची कॉलर घामाने भिजली होती. कॉफीचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी ती सांडत होती.

"काका, हात दाखवा."

"काय, भविष्य बघतेस?"

"दवाखान्यात चला."

"शपथ घेतलेला माणूस डॉक्टरकडे जातो होय, मिरेया? मातेला काय वाटेल? म्हणेल, ह्याचा माझ्यावर भरवसा नाही?"

"मातेची मी समजूत काढीन. तुम्ही चला."

त्यांनी ट्रकची किल्ली माझ्यापुढे धरली. आजवर त्यांनी तो ट्रक कुणाला चालवू दिला नव्हता. ते घाबरलेत, हे मला तेव्हा कळलं.

दवाखान्यात यंदापासून ओर्तेन्सियाबाई बसतात. पूर्वी त्या लेट्यूसच्या पेट्या भरायच्या, मग आलेल्यांची विचारपूस करून डॉक्टरांकडे पाठवायचं हे काम शिकल्या. त्यांनी काकांच्या हातांकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शपथ किती दिवसांची आहे?"

काका चमकले. खिशातून कार्ड काढून त्यांनी पुढे केलं. बाईंनी ते नीट वाचलं.

"वर्षभर. मोठं काम घेतलंत, फिलेमोन. माझे वडील चाळीस दिवसांची घ्यायचे आणि एकेचाळिसावा कधी येतो म्हणून कॅलेंडरपुढे उभे राहायचे."

काका थोडं हसले. "गोळी घेतली तर ही मोडते का?"

"ह्यावर दारू लिहिलंय. गोळी कुठे दिसते?"

"तुम्ही नर्स की वकील?"

"दोन्ही नाही. म्हणून तर माझं बोलणं कळतं लोकांना. आधी रोज किती घेत होता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन-तीन."

"काका, पपांच्या वेळी मी हेच सांगितलं होतं. ते बारा म्हणाले होते."

"माहीत आहे."

"कसं?"

"अबुंदियोला, तुझ्या पपाला, इंग्रजी येत नव्हतं, पण शेतावर खोकी मोजून मोजून आकडे यायचे. त्याच संध्याकाळी मला म्हणाला, पोरीने माझे नऊ कॅन दाराबाहेरच ठेवले. हसत होता. तू त्याची लाज राखलीस म्हणून बरं वाटलं होतं गं त्याला."

मला वाटत आलं होतं की पपांना कळलं असतं तर ते माझ्यावर रागावले असते. ते रागावले असते तर हे ऐकणं सोपं गेलं असतं. ओर्तेन्सियाबाई पेन खाली ठेवून थांबल्या.

"मी बाहेर बसू का, काका?"

"बस इथेच." त्यांनी टोपी काढली. "अठरा. आणि शनिवारी एक बाटली वेगळी."

बाईंनी अठरा लिहिले. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. मग त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, आणि अर्ध्या तासात काकांना हॉस्पिटलात हलवलं.

शपथेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसले होते. हाताला सलाइन, हात स्थिर. आईचा फोन आला.

"कसा आहे?"

"घोरतायत."

"ऐकव."

मी फोन त्यांच्या उशीजवळ धरला. बऱ्याच वेळाने कानाला लावला, तेव्हाही आई तिकडे ऐकतच होती.