शिक्क्याचा खांब

मित्रांनो, झाड म्हणून मी चांगला जुना आहे, पण खांब म्हणून माझे वय पाचच वर्षांचे. सावली गावच्या बापूजींच्या ओसरीत मी मधोमध उभा आहे. लोक मला टेकून पान खातात आणि गावभरच्या गोष्टी करतात. मला एकच गोष्ट सांगायची होती. ती ज्याला सांगायची तो मुखरू सुतार आता या जगात नाही.

आलापल्लीच्या जंगलात मी वाढलो. त्रेपन्न साली मला तोडले. डेपोत लाकडे रचताना माझा शेंडा रस्त्याकडे आला, म्हणून सरकारी हातोड्याचा शिक्का शेंड्याजवळच बसला. एरवी तो बुंध्याकडे असतो. गोष्ट एवढीशी, पण तिनेच घात केला.

झाड रानात जसे उभे होते तसेच घरात उभे राहावे, बुंधा खाली नि शेंडा वर, ही बापूजींचे घर बांधणाऱ्या मुखरूच्या घराण्याची रीत. उलट्या खांबाच्या घराला बरकत नसते असे सारा गाव मानी. मुखरूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तो ते लपवत होता. पण त्याचे हात! फांदी वर चढते, म्हणून तिची गाठही शेंड्याकडे झुकते. त्याने माझ्या गाठींवरून तीनदा बोटे फिरवली, मगच शेंड्याला कूस, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, कापली. तुळईत किकऱ्याने खाच पाडली, कूस आत बसवली नि वरून बाभळीची खुंटी ठोकली. अख्ख्या सांगाड्यात एक खिळा नव्हता. नंतर रंधा मारून, तेल पाजून त्याने मला इतके गुळगुळीत केले की गाठ हाताला लागेना. शिक्का तेवढा राखला. लाकूड चोरीचे नाही हे दिसावे म्हणून तो सगळेच राखत.

वर्षाच्या आत बापूजींचे तान्हे लेकरू तापाने गेले. बापूजींची आई शकुबाई ओसरीत सुन्न बसून असत. एके दुपारी त्यांची नजर वर गेली. त्यांनी मुखरूला बोलावणे धाडले.

"मुखरूभाऊ, शिक्का वर काऊन हाय? खांब उलटा लावला तुनं!"

"नाई बाई. मी हातानं पाहून लावलो."

"हातानं? डोळ्यानं काऊन नाई? दिसत नाई का तुले?"

 मुखरू माझ्याजवळ आला आणि गाठी चाचपू लागला. एकही लागेना. त्याच्याच रंध्याने त्या पुसल्या होत्या. मी सुलटा आहे रे, मुखरू! माझा जीव नुसता तडफडला. लाकडाला तोंड कुठले?

त्याचा हात थांबला. "चुकलो असन मी, बाई," तो म्हणाला.

त्याने तुळईला टेकू दिला, खुंटी काढली, आपल्याच हाताने ती देखणी कूस कापून टाकली. दुसऱ्या टोकाला नवी केली. मला फिरवून उभे केले. मी वीतभर तोकडा झालो, म्हणून खाली एक चपटा दगड सारला. शिक्का खाली आला आणि सारे निर्धास्त झाले.

त्यानंतर मुखरूला कुणी कामाला बोलावले नाही. गेल्या पोळ्याच्या आधी तो गेला. मला टेकून बसलेली माणसे सांगत होती, शेवटी शेवटी तो एकच बोले, "त्या लेकराले मी मारलो."

मुलांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. घडवणारा हातही जपा. कधी इकडे आलात तर माझ्या पायाशी बसून नीट बघा. तेलाखाली फिकट गाठी दिसतील. शकुबाई तिथेच रोज हळदकुंकू वाहतात, घर सुलटे झाले म्हणतात. त्या साऱ्या गाठी जमिनीकडे झुकल्या आहेत.