तलावावरचा लाकडी थापट्या

मी थापट्या बोलतोय, थापट्या बदक. दुर्बीण घेऊन आलेल्यांना तलावावर सगळ्यांत आधी दिसतो तो मीच. पाच मिनिटं झाली तरी मान हलवत नाही म्हटल्यावर कुणीतरी हसतं, "अरे, हा तर लाकडाचा!" आता मला त्याचं काही वाटत नाही.

माझा जन्म स्वयंपाकघरातला. अभयारण्याचा रखवालदार आणि त्याची बायको काठावरच्या चौकीच्या दोन खोल्यांत राहायचे. बांधाच्या दुरुस्तीसाठी तलाव दोन वर्षं कोरडा होता. पाणी परत भरलं, पण पक्षी वाट विसरले. साधा पाणकावळासुद्धा फिरकेना. वनखात्याचे साहेब म्हणाले, "या हिवाळ्यात पक्षी आले नाहीत, तर चौकी बंद." रखवालदाराची झोपच उडाली.

बायको सुताराची लेक. तिने सरपणातला एक ओंडका बाजूला काढला. "एक बसलेला दिसला की बाकीचे उतरतात," म्हणाली. कोरता कोरता चोच जरा जास्तच रुंद झाली.

"हे काय, पळी लावलीस की काय?"

"मग थापट्या म्हणा. त्याची असतेच की तशी!" आणि माझं डोकं हिरवं रंगवून ती मोकळी झाली.

पोटाला दोरी, दोरीला दगड. अकरा दिवस मी एकटाच डुलत होतो. बाराव्या सकाळी चार थापटे अगदी माझ्याशेजारी उतरले. ती दारातून ओरडली, "अहो, आले! आले!" तो तिला गप्प करत होता आणि स्वतःच डोळे पुसत होता.

मग काय, पाणकावळे, बगळे, टिबुकल्या, सगळे आले. खंड्या तर माझ्याच डोक्यावर मासा आपटायचा. पक्षीगणनेला आलेली नवखी मंडळी मलाही मोजायची, आणि रखवालदार मुद्दाम गप्प बसायचा. घरी येऊन सांगितलं की तिची हसून हसून पुरेवाट. काय दिवस होते ते!

दर उन्हाळ्यात मला घरी नेऊन ती रंग द्यायची. एका वर्षी रंगवायला तो एकटाच बसला. ती गेली होती. तेव्हापासून माझा डावा डोळा जरा वाकडा आहे.

यंदा तो निवृत्त झाला. लेकाकडे परगावी जायचं ठरलं. "साहेब, तेवढं लाकडी बदक नेऊ? तिच्या हातचं आहे."

"न्या की! त्यात काय विचारायचं?"

शेवटच्या सकाळी तो होडी घेऊन आला. मी तर कधीचा तयार होतो. त्याने दोरीला हात घातला आणि तसाच थांबला. माझ्या दोरीच्या आधाराने टिबुकलीने पाणवनस्पतींचं घरटं रचलं होतं. ओल्या पाल्याखाली अंडी होती. दोरी सोडली असती तर सगळं वाहून गेलं असतं.

माझ्या पाठीवरून हात फिरवून तो परतला. नव्या रखवालदाराला चारचारदा बजावलं, "पिल्लं निघाली की ह्याला माझ्याकडे पाठवा."

पिल्लं निघून महिना झाला. घरटंही विखुरलं. नवा माणूस कामात आहे, विसरला असेल. तुम्ही इथे आलात तर चौकीवर एवढं सांगाल? म्हणावं, ते बदक पाठवायचं राहिलंय. लवकर पाठवा. तिकडे वाट पाहणाऱ्याचं वय झालंय.