चटणीचा आवाज

भिंतीपलीकडे थप्पड वाजली आणि चंद्रप्रभाचा हात आपसूक मिक्सरच्या बटणावर गेला. भांड्यात भिजवलेली मुगाची डाळ होती. पाणी घालायचं राहिलं होतं, तरी तिनं बटण थेट तीनवर नेलं. मिक्सर किंचाळला. त्याच्याखाली केतनचं ओरडणं, वह्या भिंतीवर आपटल्याचा आवाज, कपाटाचं दार, सगळं बुजून गेलं.

मग तिच्या लक्षात आलं की नवरा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलाय. पेपर वाचतोय.

श्यामकांतचा उजवा हात गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यानं लुळा पडला, तेव्हापासून घर शांत होतं. त्याला भरवताना तिला कधीकधी वाटायचं, देवानं उशिरा का होईना, पण नेमका हात निवडला. आता मुलाचं, केतनचं लग्न झालंय, सून आलीय, संपलं ते सगळं. आज कळलं, हात फक्त बदलला होता.

मिक्सर करोल बागेतून आणलेला, तिसरा. आधीचे दोन जळले. बावीस वर्षं या सरकारी क्वार्टरमध्ये श्यामकांतचा आवाज चढला की मिक्सर लागायचा. भांड्यात खोबरं असो, दाणे असोत, नाहीतर काहीच नसो. भिंती पातळ, वर-खाली ऑफिसातलीच माणसं. वरच्या मजल्यावरच्या कौशल्यादीदी जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तुम मराठी लोग चटनी बहुत खाते हो, भाभी." चंद्रप्रभा हसायची. सुजलेल्या ओठानं जेवढं हसता येतं तेवढं.

मार खाताना बटणापर्यंत हात पोचत नसे, तेव्हा ती ओरडायची, "केतन, मिक्सर लाव!" सहा वर्षांचा केतन पाटावर चढून बटण फिरवायचा. शहाणं पोर. कधी रडलं नाही.

स्वरूपा स्वयंपाकघरात आली. डाव्या गालावर चार बोटं उमटली होती. तिनं बेसन-कणकेची परात पुढ्यात ओढली.

"आई, मेथी अजून घालू?"

"घाल."

मिस्सी रोटी आणि मंगोडे, म्हणजे मुगाची भजी, पण तळलेली नाही, वाफवलेली. डॉक्टरांनी श्यामकांतचं तेल बंद केलं तेव्हा कौशल्यादीदींनीच शिकवला होता हा नाश्ता. मंगोडे मोदकपात्रात लावायची युक्ती चंद्रप्रभाची. "और सुनो भाभी," दीदी म्हणाल्या होत्या, "डाल सिल पर पीसो, हाथ से फेंटो. मिक्सर बंद ही रखा करो." हे बोलताना त्यांनी चंद्रप्रभाकडे जरा जास्त वेळ बघितलं होतं. तिला वाटलं, चव बिघडते म्हणून सांगत असतील.

तिनं डाळ पातेल्यात काढली आणि हातानं फेटायला घेतली.

"नोट्स फाडल्या त्यानं," स्वरूपा परातीला म्हणाली. "पूर्वपरीक्षा पास झाले तोवर चाललं. सगळ्यांना पेढे वाटले. मुख्य परीक्षेला बसते म्हटल्यावर..." ती लातूरहून दिल्लीत याच परीक्षेसाठी आली होती. लग्नाला पाच महिने झाले होते. पेपर तीन आठवड्यांवर.

चंद्रप्रभाला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "आधी गरम गरम खाऊन घे."

बोलली आणि तिचा हात डाळीतच थांबला. हे वाक्य तिच्या सासूचं होतं. जसंच्या तसं.

केतन आत आला. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, केसांवरून नुकताच फिरवलेला कंगवा.

"क्लासचं कार्ड कुठंय?"

"नाही देणार."

त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओढली. स्वरूपाचं डोकं फळीवर आदळलं. बेसनाचा डबा खाली आला, झाकण घरंगळत गॅसच्या मागं गेलं, ओटा पिवळा झाला. भुवईतून रक्ताची बारीक रेघ उतरली. आणि त्या तशा अवस्थेत, डोळे मिटलेलेच, स्वरूपाचा पिठाचा हात चाचपडत मिक्सरच्या बटणाकडे गेला.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. मघाशी भिंतीपलीकडून मिक्सर ऐकला, तेवढ्यानं आलं होतं.

चंद्रप्रभानं प्लग उपसला.

"आई," केतन म्हणाला. रागावून नाही. दिवा लाव म्हणावं, तसं. "मिक्सर लाव ना."

तिनं खिडकी उघडली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन जिन्याकडचं दार उघडलं, सताड.

"चंद्रा, दार लाव आधी!" श्यामकांत खुर्चीतून म्हणाला. "लोक ऐकतील."

"ऐकू देत."

"आई, लाव म्हटलं ना!" आतून केतन ओरडला आणि स्वरूपाचा हात पिळला. ती किंचाळली. ती किंचाळी खिडकीतून गेली, दारातून गेली, जिन्यावरून खाली उतरली. तिला आडवं यायला काहीच नव्हतं. खाली कुणीतरी टीव्ही बंद केला.

चंद्रप्रभा परतली ती डाळीनं माखलेल्या हातानं, आणि त्याच हातानं तिनं मुलाचं मनगट धरलं.

"सोड."

त्यानं तिला ढकललं. कंबर ओट्यावर आपटली, मोदकपात्राचं झाकण उडालं. त्याचा हात वर गेला. आईवर पहिल्यांदाच. जिन्यावर चपला वाजल्या आणि हात तसाच वर राहिला.

दारात कौशल्यादीदी. सत्तरीच्या, धापा टाकत, केसांना अर्धवट तेल लावलेलं.

"आज मिक्सर ख़राब है क्या, भाभी?"

"नहीं दीदी. बंद किया है."

"अच्छा." बेसन तुडवत त्या आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. "बाईस बरस हो गए. इतनी चटनी पिसती है इस घर में, एक कटोरी ऊपर नहीं आई."

केतननं हात खाली घेतला, शर्ट सारखा केला. "आंटी, वो बाथरूम में गिर गई थी."

हेही वाक्य पाठ होतं त्याला. कुणाचं, ते चंद्रप्रभाला माहीत होतं. दीदींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या चंद्रप्रभाकडे बघत होत्या आणि त्यांना घाई नव्हती.

"मारा है," चंद्रप्रभा म्हणाली. "मेरे बेटे ने. और मुझे इसके बाप ने."

बावीस वर्षांत हे वाक्य तिनं कुठल्याच भाषेत बोलून बघितलं नव्हतं. बोलायला फार वेळ लागला नाही.

दीदींनी पदरानं स्वरूपाची भुवई दाबून धरली. "चल बहू, किताबें उठा. पहले पट्टी, फिर पढ़ाई. मेरे यहाँ मेज़ ख़ाली पड़ी है."

स्वरूपानं कणकेचा गोळा बाजूला केला. परातीच्या तळाशी, पिशवीत गुंडाळलेलं क्लासचं कार्ड होतं. ते तिनं ओढणीला पुसलं.

केतन वाटेतून हलला नाही. कौशल्यादीदी उठून त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, त्याच्या खांद्याइतक्या. जिन्यात आणखी दोन दारं उघडल्याचे आवाज आले. मग तो हलला.

चंद्रप्रभानं गॅस बंद केला, डाळीचं पातेलं काखेत घेतलं आणि त्यांच्यामागून निघाली.

"अगं, आणि माझा नाश्ता?" श्यामकांत ओरडला. "चंद्रा! कुठं चाललीस? तंगडी मोडून ठेवीन, सांगतो!"

ती जिन्यात पोचली होती. त्याचा आवाज तिथवर आला. पहिल्यांदाच, अख्खा.