आबांची दाढ

कोमलने रिकामी बरणी पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी दातांच्या कॉलेजात तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. प्रत्येकाने माणसाची काढलेली खरी दाढ स्वतः मिळवून आणायची आणि परीक्षकांसमोर कोरून भरून दाखवायची. दाढ नाही तर परीक्षा नाही. परंदवडीच्या या पोरीने वर्षभर दवाखान्यांचे उंबरे झिजवले होते. काढलेल्या दाढा मागून आणून त्या या बरणीत, ब्लीचच्या पाण्यात जपल्या होत्या.

त्या आता गच्चीवर, सुपात, कडक उन्हात पडल्या होत्या. शेजारी भाताचं बी वाळत होतं.

"पान्यात सडत्याल म्हनून वाळवल्या," तिचा बाप मारुती मोठ्या कौतुकाने म्हणाला. "बी वाळवल्याबिगर टिकतं व्हय?"

"आबा, दाढ म्हंजी काय बी हाय? सुकली की तडकती ती. आन परक्याच्या तोंडातला रोग तुमाला लागला मंग?"

तिने आधी त्याला साबणाने हात धुवायला लावले. मग हातमोजे घालून एकेक दाढ चिमट्याने उचलून पाहिली. सगळ्यांना चिरा गेल्या होत्या. तिला रडूच आलं, पण रडत बसायला वेळ कुणाला होता? तिने चपला घातल्या. मारुतीने खालमानेने मोटारसायकल काढली.

सोमाटण्यात काहीच मिळालं नाही. पवनानगरला अमृता डॉक्टरांकडे एकच दाढ होती, तीही चांदी भरलेली.

"ही निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रात घालता येणार नाही गं," डॉक्टर म्हणाल्या. "चांदीतल्या पाऱ्याची वाफ होते. औषधात दोन आठवडे ठेवावी लागेल."

तेवढ्यात मारुती थेट खुर्चीत जाऊन बसला. "माजी काडा. लय दिस ठनकतीया. पोरीचं नुकसान मी केलं, मीच भरून देतो."

डॉक्टरांनी तपासलं आणि कोमललाही दाखवलं. दाढ एका बाजूने किडली होती, पण मुळं घट्ट होती.

"रूट कॅनाल केलं तर वाचेल," डॉक्टर म्हणाल्या.

"वाचवू नगा, काडा," मारुतीने आ वासला.

कोमलला मोह झाला, खोटं कशाला सांगा. आता काढली तर संध्याकाळपर्यंत यंत्रातून निर्जंतुक होऊन मिळाली असती आणि परीक्षेचा घोर मिटला असता. तिने वाकून दाढ पुन्हा एकदा पाहिली.

"काढायची न्हाई," ती म्हणाली. "रूट कॅनाल करा, डॉक्टर."

"आन तुजी परीक्षा?"

"आबा, दाढ वाचवायची कशी, त्येच शिकतीया ना मी? तुमची चांगली दाढ उपटून मी काय शिकू?"

मारुतीचे डोळे भरून आले. त्याला काही बोलायचं होतं, पण डॉक्टरांची सुई एव्हाना हिरडीत गेली होती. कोमलने त्याचा खांदा दाबला आणि ती बाहेर पडली. स्टँडवर कामशेतची जीप भरत होती. कामशेत झालं की लोणावळा, दवाखाने अजून पुष्कळ बाकी होते.