पाठमोरा राखणदार

सदाची नात भाविका लग्न होऊन रेवसला गेली, ते साल २०२३. वादळाने किनाऱ्यावरचा करंज आडवा केला त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. मांडवाचे बांबू अजून पडवीतच पडले होते, तेवढ्यात पुण्याहून क्षिप्रा नावाची मुलगी कोळीवाड्यात आली आणि राखणदाराला हलवायचं म्हणू लागली.

राखणदार म्हणजे वाळूच्या काठावर उभा असलेला, छातीएवढा काळा दगड. समुद्राकडच्या बाजूला अंगभर शेंदूर, मागच्या अंगाला करंजाच्या मुळांची मिठी. झाड पडलं तरी मुळांनी त्याला सोडलं नव्हतं. होडी बांधायची असो की मुलगी द्यायची असो, वाड्यात त्याला विचारल्याशिवाय काही होत नसे. दगडाच्या दोन्ही बाजूंना एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि बसून राहायचं. देवाच्या उजव्या हाताची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या हाताची पडली तर नकार. असा कौल लावायचा मान सदाच्या घराचा. मासेमारीत सदा बेताचाच होता, जाळ्यापेक्षा त्याची झोपच मोठी, असं लोक म्हणत. पण कौलाला बसला की मोठमोठे नाखवेसुद्धा त्याच्यापुढे टोपी हातात घेऊन उभे राहत.

क्षिप्राचं काम जुनी देवळं, बांधीव विहिरी, कोरलेले दगड हुडकून त्यांची नोंद करायचं आणि ती ठिकाणं राखायचं. तिला वाटत होतं की हा वीरगळ असावा, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसासाठी उभा केलेला दगड. उधाणाचं पाणी आता त्याच्या पायाशी येत होतं. आणखी एखाद्या पावसाळ्यात तो समुद्रात गेला असता. त्याला वर देवळाशेजारी ओट्यावर न्यावा, असं तिचं म्हणणं. सदाने कौल लावला, उजवा आला, आणि ती मुळं काढायला बसली.

मुळांखाली कोरीव काम निघालं. तळाला वल्ह्यांच्या ओळी असलेल्या होड्या, मध्ये तलवार उगारलेला माणूस, त्याच्यावर तोच माणूस महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि टोकाला चंद्रसूर्य. क्षिप्रा आनंदाने ओल्या वाळूतच बसली. मग म्हणाली, "सदाकाका, दगडाचं तोंड हे आहे. आपण शेंदूर लावतो ती त्याची पाठ."

वाडा जमला. सगळ्यांनी दगडाला वळसा घालून नव्या बाजूला नमस्कार केला आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तिथे शरच्चंद्र मास्तर होते. सुपारीच्या वाडीचे मालक, नोकरी संपलेली, समजावून सांगायची सवय राहिलेली. ते सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, देव असा पाठमोरा असेल तर आपण ज्याला त्याचा डावा हात समजत आलो तो उजवा झाला. म्हणजे आजवर मिळालेला प्रत्येक होकार हा नकार होता. तोवर हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग जो तो आपला कौल आठवू लागला. विनेशची होडी होकार मिळूनही खडकावर बसली होती. तो म्हणाला, देवाने नको म्हटलं होतं, सदाकाकाने उलटं ऐकलं. निकेशला पर्यटकांसाठी खोल्या बांधायला नकार आला होता आणि दिवेआगरच्या त्याच्या मेहुण्याने त्याच साली बांधून नाव काढलं होतं. निकेश सदाच्या अंगणात येऊन बसला. पुढे केलेला चहा त्याने घेतला नाही.

दगड हलवायचंही अडलं, कारण त्याचाही होकार आता नकार झाला होता. पुन्हा विचारावं तर कोणत्या बाजूला? पाठीला उत्तर द्यायचा हक्क नाही. आणि तोंड खरंच तोंड आहे का, हे ठरवायला कौल हवा. भरती मात्र कोणासाठी थांबत नव्हती.

सदाला याहून मोठी काळजी होती ती बायकोची, नीराबाईची. काशीदच्या त्या मुलीचं आणि त्याचं लग्न राखणदाराच्या होकारावरच ठरलं होतं. बायको कुरकुरली की सदा म्हणे, राखणदाराने दिलीय तुला, तक्रार त्याच्याकडे कर. घर बांधलं, पोरं शिकली, तेव्हा लोकांसमोर हात जोडून म्हणे, राखणदाराची कृपा. बायकोच्या अजून ध्यानात आलं नसावं, अशी त्याला आशा होती. पण काठीवर बोंबील लटकावता लटकावता, मास्तरांनी हात खाली घेण्याआधीच, तिने हिशेब पुरा केला होता.

रात्री तिने वाढलं. शेवटी सदाच चाचरत म्हणाला की आपल्या लग्नाचा कौल डावा होता म्हणायचा.

"व्हय," नीराबाई म्हणाली. "देवानं न्हाय म्हटलेलं. मंग एवढी वर्सं हा संसार चालवला कोनी?"

सदाने भात कालवायला घेतला.

"मानसं आली का तुमी तिकडं हात जोडनार, आनि मी हितं चूल फुकनार. आता तरी बोला."

"तू चालवलास."

"मोट्यानं बोला. सून मागल्या दारी हाय."

सदा मोठ्याने बोलला.

दुसऱ्या दिवशी नीराबाईचा नूर फार चांगला होता. ती म्हणाली, उजवं नको, डावं नको, डोक्यावर मधोमध एक फूल ठेवा. समुद्राकडे पडलं तर देवाला इथेच राहायचंय, गावाकडे पडलं तर गावात यायचंय. आणि सगळ्यांना सवड असते म्हणून वेळ दुपारच्या जेवणानंतरची ठेवली.

सकाळी वारा गावाकडून समुद्रात जातो आणि दुपारी समुद्रावरून गावात येतो, हे त्या वाड्यात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कोणी काही म्हटलं नाही. सदाने फूल ठेवलं. त्याने हात काढून घ्यायच्या आत ते गावाच्या बाजूला पडलं. मास्तर वाऱ्याविषयी समजावून सांगायला पुढे झाले, तेव्हा नीराबाईने त्यांच्या हातात नारळ दिला आणि फोडा म्हणाली.

राखणदार आता ओट्यावर आडव्या अंगाने उभा आहे, कोरीव बाजू आणि शेंदराची बाजू दोन्ही दिसतील असा. क्षिप्राने त्याचे फोटो काढून नेले. कौल आता डोक्यावरच्या फुलाचाच लावतात. दुपारी येईल त्याला होकार मिळतो. ज्याला नकार हवा असतो तो सकाळी येतो. सदाचा मान होता तेवढाच राहिला. घराचं कोणी कौतुक केलं की मात्र तो स्वयंपाकघराकडे बघून म्हणे, नीराबाईची कृपा.

नीराबाई २०२५ च्या फेब्रुवारीत, माघी पौर्णिमेला वारली. सकाळची वेळ होती आणि वारा समुद्राकडे, म्हणजे नकाराच्या बाजूला, जात होता.