जिच्या पाठीपाशी मी थांबले

मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या कडेला गोठवलेल्या बटाट्याच्या फोडींचे मोठे शीतगोदाम आहे, त्याच्या मागच्या भिंतीशी आता मला उभे करून ठेवले आहे. रंगाचे पोपडे निघाले आहेत, बॅटरी काढून नेली आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, एवढे ओझे उचलणाऱ्या यंत्राला कसली आली भीती? पण माझा बराचसा जन्म भीतीतच गेला. चाके माझी होती, ब्रेक मात्र दुसऱ्याच्या पायाखाली होता. समोर माणूस आला तर मला ना थांबता येई, ना वळता येई.

कारखान्यात माझ्या पुढे दोन लोखंडी सुळे बसवले, मागे तोल सांभाळायला जाडजूड वजन बसवले आणि शेवटी हॉर्न लावला. तो वाजताच तिथली माणसे दचकली. सगळ्यांनी माझे कौतुक केले आणि मीही त्या आवाजावर विसंबून राहिले. वाटले, हा आहे तोवर माझ्या हातून कुणाचे वाईट होणार नाही.

गोदामात मला व्हर्न फ्रीझन चालवी. उंच, अबोल माणूस. गालात सूर्यफुलाच्या बिया धरून दिवसभर फोडत बसायचा. पाळी संपली की माझ्या सुळ्यांवरचे दव फडक्याने पुसायचा. त्याच्या हाताखाली माझी चांगली वर्षे गेली.

मग मारिसेल आली. फिलिपिन्समधून आलेली, लहानखुरी, चपळ बाई. ती रॅकमधली खोकी उतरवून मालाप्रमाणे लावायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. मला ते कळले आणि माझे चाक अन् चाक गारठले. माझा हॉर्न तिच्यासाठी नव्हताच! ती दिसली की मी मनात म्हणे, बाई गं, वळ, एकदा मागे बघ.

आल्या आल्याच तिने देखरेख करणाऱ्या लॉर्नला फोनवर लिहून दाखवले होते, "गाडीला दिवा लावा, म्हणजे ती मागून आलेली मला कळेल." लॉर्न 'बघू' म्हणाला आणि ते तिथेच राहिले. जेवणाच्या खोलीत ती भात आणि सुका मासा घेऊन कोपऱ्यात एकटी बसे. डेल नावाचा गडी तिच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवायचा आणि म्हणायचा, "बघा, बाई ढिम्म!" काहीजण हसत. व्हर्न हसत नसे, पण काही बोलतही नसे.

एका सकाळी व्हर्न मला मागे घेत होता. पुढे खोक्यांची उंच चळत होती आणि त्याची नजर त्या चळतीवरच खिळली होती. त्याने हॉर्न दाबून धरला. मागे मारिसेल रॅककडे तोंड करून वाकली होती. मी सरकतच होते. तिच्या पाठीवरचे जाकीट जवळ जवळ येत होते. माझा हॉर्न जितका जोरात वाजत होता, तितकी मीच भेदरत होते. तेवढ्यात डेल गळा फाडून ओरडला. व्हर्नने ब्रेकवर पाय आपटला. फरशीवर बर्फाचा पापुद्रा होता, मी थोडी घसरले आणि तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबले. पुढची चळत कोसळली. पायाखालची फरशी हादरली तेव्हा कुठे मारिसेल वळली. तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

लॉर्नने सगळ्यांना तिथेच जमवले. तो व्हर्नकडे बघत म्हणाला, "उद्यापासून मारिसेल मागच्या खोलीत लेबलं लावेल. तिच्याच भल्यासाठी आहे हे."

मारिसेल एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला काही समजेना. बाकीचे बुटांकडे बघू लागले.

"लॉर्न, तिच्याकडे तोंड करून बोल," व्हर्न म्हणाला. "तिला तुझे ओठ दिसू देत."

व्हर्नने माझ्या लोखंडावर हात टेकला होता. त्याची निवृत्ती जवळ आली होती आणि या वयात कामावरून काढतील अशी त्याला भीती होती.

"आणि चूक तिच्या कानांची नाही," तो म्हणाला. "मी मागे वळून बघितलंच नाही. हॉर्न दिला म्हणजे रस्ता माझा, असं धरून चाललो."

"व्हर्न, विचार करून बोल. हे मला वर कळवावं लागेल."

"कळव. पण आधी तिला काय हवंय ते विचार. तिनं सांगितलंय, आपण कुणी ऐकलं नाही."

लॉर्नने तिच्याकडे तोंड करून मागच्या खोलीचे पुन्हा सांगितले आणि तिला काय हवे ते विचारले. मारिसेलने फोनवर काही लिहिले आणि जवळ उभ्या असलेल्या डेलपुढे धरले. त्याने ते मोठ्याने वाचले. "मला दुसरी खोली नको. मला दिसेल असा दिवा हवा. आणि माझ्याशी नजरानजर झाल्याशिवाय कुणी गाडी हलवू नये."

व्हर्नला माझ्यावरून उतरवले. तो हिवाळा त्याने झाडू मारण्यात काढला. नवा चालवणारा आला आणि मी पुन्हा धास्तावले. पण माझ्या पाठीवर निळा दिवा बसला. त्याचा ठिपका माझ्याआधी फरशीवर धावे. वळणावळणावर आरसे लागले. मग हळूहळू एकेकजण कबूल करू लागला की यंत्रांच्या घरघरीत आणि कानटोपीच्या आत हॉर्न कुणालाच धड ऐकू येत नव्हता.

लॉर्न पुढेही कितीदा तरी पाठ फिरवून बोलायचा. मारिसेल त्याचा खांदा हलवून त्याला वळवी. व्हर्नची ताठ बोटे तिच्याकडून खुणा शिकली. पहिली खूण 'थांब'ची, दुसरी 'जेवायला चल'ची.

व्हर्न निवृत्त झाल्यावर मारिसेलने मलाच चालवायला शिकायचे ठरवले. ती परीक्षा पास होऊन माझ्यावर बसली, तेव्हा माल न्यायला आलेला एक ट्रकवाला म्हणाला, "बहिरीच्या हातात गाडी? कुणाला तरी चिरडेल ही."

मी घाबरले. आता तिच्या बाजूने कोण बोलणार? व्हर्न तर नव्हता.

"ती दोन्हीकडे बघून गाडी काढते," डेल म्हणाला. "तू मघाशी ट्रक मागे घेतलास, तेव्हा बघितलंस का? मी तिथंच उभा होतो."

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठेतरी कामाला लागाल. तुमचा आवाज ज्याच्यापर्यंत पोचत नाही, असे कुणीतरी तुमच्या शेजारी असेल. तेव्हा नुसता आवाज वाढवू नका. थांबा, वळा, आणि त्याला काय हवे ते त्यालाच विचारा. त्याच्या बाजूने उभे राहायची वेळ आली तर तुम्हाला भीती वाटेल. व्हर्नलाही वाटली होती, तो घाबरत घाबरतच बोलला. भीती जाण्याची वाट बघत बसू नका. तोवर गाडी पाठीशी येऊन ठेपलेली असते.